दर बारावं नाव

मला तेव्हा माझ्या गणिताचा फार तोरा होता. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात पदवी घेतलेली मी पहिली मुलगी, तीही संख्याशास्त्र घेऊन. म्हणजे नक्की काय, हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे माझं म्हणणं खोडून काढायची सोय नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. वडील रोज संध्याकाळी सभेला जात आणि घसा बसवून परत येत. मी मात्र परळच्या एका लहानशा कार्यालयात कामगारांच्या पाहण्या करण्याच्या नोकरीला लागले होते आणि देशाचं सगळं माझ्या कोष्टकांवाचून अडलंय अशा थाटात वावरत होते.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते लालबागच्या एका गिरणीतलं. तिथल्या वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, एकशेवीस बायका होत्या. त्यांची पाळी सकाळी सातला सुरू होई. मालकांना ती साडेसहाला सुरू करायची होती. बायकांना ते जमेल का, एवढं विचारून आम्ही अहवाल द्यायचा होता. सगळ्यांना विचारण्याइतका वेळ नव्हता, म्हणून साहेबांनी दहाजणी निवडायला सांगितलं.

कशा निवडायच्या ते मी ठरवलं. हजेरीचं पुस्तक घ्यायचं, एक ते बारामधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर बारावं नाव घ्यायचं. ना वशिला, ना आवडनिवड. चिठ्ठीत एकचा आकडा आला. मी पहिलं नाव घेतलं, मग तेरावं, मग पंचविसावं. दोन दिवसांत दहाही जणींना विचारून झालं आणि दहाही जणींनी साडेसहाला यायला काही अडचण नाही असं सांगितलं. इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्याचा मला कोण आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी कागद आवरून निघाले तर गिरणीच्या फाटकाशी एक बाई आडवी आली. तिशीची असेल. केसांत सुताचे कण, हातात रिकामा डबा.

"बाई, तुमी सगळ्या नायकिणींकच कशे इचारलास?"

नायकीण म्हणजे बायकांच्या टोळीवरची मुकादमीण. मला राग आला. मी तिला ऐकवलं की, हे गणिताने झालंय, यात कोणी कोणाला निवडलेलं नाही.

"गणितान झाला आसात," ती म्हणाली, "पण पाणी गणितान येणा नाय."

मग तिने सांगितलं. ती बीडीडी चाळीत राहायची. मजल्यावर सगळ्यांना मिळून नळ, पाणी साडेपाचला येई आणि तिचा नंबर लागेपर्यंत सहा वाजून जात. नवरा रात्रपाळीला, मुलं लहान. पाणी भरून ती धावतपळत सातला पोचायची. नायकिणींच्या घरी पाणी भरायला सुना होत्या, नाहीतर टोळीतली एखादी पोर होती. "साडेसहा झाले तर माका काम सोडूक लागतला," ती म्हणाली. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. त्यामुळे मला जास्तच टोचलं.

मी तशीच परत आत गेले आणि हजेरीचं पुस्तक उघडलं. प्रत्येक नायकिणीच्या हाताखाली अकरा बायका होत्या. हजेरी टोळीवार लिहिलेली, आणि प्रत्येक टोळीत मानाने पहिलं नाव नायकिणीचं. पहिलं, तेरावं, पंचविसावं. दहाच्या दहा. त्या सगळ्या चाळिशीच्या पुढच्या होत्या, सगळ्यांचा आवाज करडा होता, आणि समोर बसून दोन दिवस लिहून घेताना माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवाल सोमवारी जायचा होता. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि मी बराच वेळ गप्प बसण्याचा विचार केला हे इथे कबूल करते. शेवटी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगून झाल्यावर मीच घाईघाईने सुचवलं, "संख्या दुप्पट करू. दर सहावं नाव घेऊ."

"करा. काय होईल?"

मी मनात मोजलं. पहिलं, सातवं, तेरावं. तरीही निम्म्या नायकिणीच.

"चुकीच्या ठिकाणी विचारलं तर जास्त माणसांना विचारून उपयोग नाही," साहेब म्हणाले. "नायकिणी वेगळ्या काढा, बाकीच्या वेगळ्या. दोन्हीकडून पाचात एक घ्या." म्हणजे दहातल्या दोन नायकिणी आणि एकशेदहातल्या बावीस बायका. मग ते स्वतः गिरणीच्या अधिकाऱ्याला भेटायला गेले, चूक आपल्या कार्यालयाची आहे असं म्हणाले आणि चार दिवसांची मुदत मागून आणली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते उपकार मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी हरताळ होता, गिरण्या बंद. मी घरी बसून सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. घरात कोरा कागद नव्हता, तेव्हा वडिलांनी सभेच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दिला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिही म्हणाले. आई कात्रीने तुकडे करत होती.

गिरणी उघडल्यावर जेवणाच्या सुटीत सगळ्या बायकांसमोर दोन डबे ठेवले. नायकिणींच्या डब्यातून दोन चिठ्ठ्या निघाल्या. मग दुसऱ्या डब्यातली पहिली चिठ्ठी उलगडली, तर मागे ठळक अक्षरांत "संयुक्त" एवढंच छापलेलं. अधिकारी चमकला. "हे काय?"

"पाठकोरा कागद, साहेब," मी म्हणाले.

बायका पदराआड हसल्या. तोपर्यंत मी मालकांची माणूस होते, त्यानंतर त्या जरा सैलावल्या.

एकेक नाव निघत होतं. फाटकावरची बाई पुढे येऊन उभी होती. एका नावावर तिने नाक मुरडलं आणि शेजारणीला ऐकू जाईल इतपत पुटपुटली, "ही काय सांगतली? नळार रोज माझी कळशी ढकलता." बावीस नावं झाली. तिचं नाव आलं नाही.

"आणखी एक काढा," ती म्हणाली.

"नाही काढता येत."

"चूक मीच दाखवलंय ना तुमका? आणि माकाच इचारूचा नाय?"

तिचं खरं होतं. डबा माझ्याच हातात होता, तिची चिठ्ठी शोधून काढायला कितीसा वेळ लागला असता. पण तिला घेतलं तर आम्हाला हवी ती बाई आम्ही घेतली, असं म्हणायला अधिकारी मोकळा. मी डब्याचं झाकण लावलं. "तुमचंच दुसरी कोणीतरी सांगेल," असं म्हणाले, पण ते माझं मलाच पोकळ वाटलं. ती मशीनवर निघून गेली. मला रडू येत होतं, ते मी अधिकाऱ्यावर खेकसून दाबलं.

बावीसजणींना मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. या वेळी घरात पाणी कोण भरतं हेही विचारलं. मी अहवाल लिहून दिला त्याच संध्याकाळी साहेबांनी तो वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. पंधरवड्याने खात्यात नोटीस लागली. पाळी सातलाच राहणार होती.

मी ते सांगायला मुद्दाम पाळी सुटायच्या वेळी गेले. ती बाहेर आली, मला पाहून थांबली. नोटीस तिने कोणाकडून तरी वाचून घेतली होती.

"माका कोणी इचारूक नाय," ती म्हणाली, "तरी माझाच म्हणणा कसा लिवलास?"

"बावीसजणींनी तेच सांगितलं."

"सगळ्यांनी?"

"बावीसच्या बावीसजणींनी."

तिने समोर पाहिलं. पुढे नळावर कळशी ढकलणाऱ्या त्या बाईची पाठ दिसत होती, गर्दीतून घराकडे निघालेली.

"म्हणजे तिना पण," ती म्हणाली. मग डबा दुसऱ्या हातात घेऊन, काहीशी नाइलाजाने, "उद्या तिची कळशी आदी लावूक देतंय."