सात एकांची संख्या

गेल्या वर्षी वर्तकनगरला, आईबाबांच्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होता. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. मी डोंबिवलीहून मुद्दाम गेलेलो. शाल-श्रीफळ झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "सर, दोन शब्द बोला." बाबांनी माइक बाजूला सारून बोर्ड मागितला. आता तास सुरू होणार, हे मी ओळखलं.

बोर्डवर त्यांनी ओळीने सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "हिचा वर्ग बघा," म्हणत खाली लिहिलं: १२३४५६७६५४३२१. सातापर्यंत चढत गेलेली आणि तशीच उतरत आलेली ती रांग बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी आता खाली बसावं, असं मला मनापासून वाटत होतं.

पण ते खुलले होते. "आता सांगा, ही मूळ संख्या की संयुक्त? एक आणि ती स्वतः सोडून हिला आणखी कशाने भाग जातो का?"

"मूळ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वाटते खरी. दोन, तीन, पाच, सात, कशानेच भाग जात नाही. तरी आहे संयुक्त! गंमत म्हणजे हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला साताने भागलं की बाकी एकच उरते. त्यामुळे सगळ्या संख्या तपासायला नकोत. एकोणतीस, त्रेचाळीस, एकाहत्तर, अशाच घ्यायच्या."

त्यांनी भागाकार मांडला. एकोणतीसने पाच उरले. त्रेचाळीसने चौतीस. एकाहत्तरला हात थांबला. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मागे खुर्च्या सरकायला लागल्या, वड्यांचा वास आला. "सर शाळेत पोचले वाटतं," कुणीतरी म्हणालं आणि दोन-तीन रांगा हसल्या.

ढगळ शर्ट, बोर्डला चिकटलेलं नाक. मी बाबांकडे त्या हसणाऱ्यांच्या नजरेने बघत होतो.

मोबाईलवर उत्तर शोधून मी उठलो. "बाबा, राहू द्या. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. झालं!" त्यांच्या हातातला मार्कर मी काढून घेतला. जोरात टाळ्या पडल्या. बाबांनी दुसऱ्या हातातलं टोपणही माझ्या हातात दिलं आणि जागेवर जाऊन बसले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "उत्तर मला ठाऊक होतं रे. पण नुसतं उत्तर सांगून काय होतं? एकामागून एक संख्या नापास होत जातात, आता ही मूळच असणार असं वाटायला लागतं, आणि मग एक अशी येते की बाकी शून्य. ते त्यांना बघायला मिळालं असतं." आवाजात राग नव्हता. "तुला घाई होती का?"

"नाही."

"मग?"

"वडे गार होत होते," मी म्हणालो. मला तुमची लाज वाटली, हे कसं सांगणार?

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पुढे आईचा फोन आला. बाबांनी संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर जाणं बंद केलेलं. तिथे कुणीतरी रोज विचारायचं म्हणे, "सर, मोबाईल आणलात का?"

त्या रविवारी मी आधी त्या बाकाकडे गेलो. बसलेल्या काकांना म्हणालो, "त्या दिवशी बाबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना उत्तर माहीत होतं. मलाच धीर धरवला नाही."

"अहो, मस्करी हो ती! काय एवढं मनावर घेता?" एक काका म्हणाले. मग ते टाकी कधी साफ होणार यावर बोलायला लागले. मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

वर गेलो तर बाबा पेपर वाचत होते. "उशीर झाला रे आज?"

"शिळफाट्याला ट्रॅफिक होतं."

त्यांनी मान हलवली आणि आईला चहा टाकायला सांगितलं. बाकावर ते अजून जात नाहीत.