गराजच्या दारानं

दोनदा टकटक, मग जरा थांबून तिसरी. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गराजच्या बाजूच्या दारावर ती झाली की बायको गॅस बारीक करायची आणि सई ओरडायची, "आजोबा आले!" पुढच्या दाराला चांगली घंटा होती. शेजारच्या डॉक्टरांनी ती चौदा वर्षांत एकदाही वाजवली नाही. विचारलं की म्हणायचे, "मी गराजमधला माणूस आहे. पुढच्या दारानं सेल्समन येतात."

या विनोदाला आधार होता, म्हणून आम्ही तो खरा धरला. डॉक्टर म्हणजे रसायनशास्त्रातले डॉक्टर. काचेवर वाफ धरू नये म्हणून एक लेप त्यांनी शोधला आणि त्याची कंपनी स्वतःच्या गराजमध्ये सुरू केली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या चष्म्यांपासून अग्निशमन दलाच्या मुखवट्यांपर्यंत तो लेप गेला. पुढे कंपनी विकली आणि पैसे वाटायला सुरुवात केली. एवढं झालं तरी काचेची सवय सुटली नव्हती. समोर बसलेल्या माणसाचा चष्मा ते न विचारता काढून घेत, रुमालानं पुसत, दिव्यासमोर धरत आणि परत देताना म्हणत, "आता बघा. जग तेवढं वाईट नाही."

आम्ही अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये हे घर घेतलं तेव्हा सई पहिलीत होती. सासूबाईंनी नागपूरहून पितळी स्वस्तिक पाठवलं होतं, ते बायकोनं पुढच्या दारावर लावलं. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना कुंकवानंही स्वस्तिकं काढली. दुसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे गृहस्थ हातात पाव आणि मिठाची पुडी घेऊन येताना मला खिडकीतून दिसले. नव्या घरात पाव आणि मीठ न्यायचं ही त्यांच्याकडची रीत. पायवाटेच्या मध्यावर ते थांबले. बराच वेळ उभे राहिले आणि परत गेले. मला वाटलं, काही विसरले असतील. थोड्या वेळानं गराजच्या दारावर टकटक झाली.

ते एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझ्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. जेवणाचं टेबल आठ जणांचं, त्यावर एका टोकाला एक ताट आणि उरलेल्या भागावर कागद. हंगेरीतल्या एका लहान गावात, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी सगळ्या कुटुंबाला नाझींच्या छळछावणीत नेलं. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलत, "सात गेलो, एक आलो." मी आकड्यांचा माणूस. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात खर्चाचा हिशेब ठेवतो. पण या वजाबाकीपुढे मी कधी काही विचारलं नाही.

घर सोडून एकट्यानं शिकायला आलेल्या मुलांना ते शिष्यवृत्ती देत. तिला स्वतःचं नाव दिलं नव्हतं. मुलाखतीत गुणांबद्दल दुसरे विचारत, हे फक्त एवढंच विचारत, "संध्याकाळी जेवायला तुझ्याबरोबर कोण असतं?" ही गोष्ट त्यांनी आमच्या गराजमध्ये उभ्यानं सांगितली तेव्हा सई मध्येच म्हणाली, "अँड यू, आजोबा? तुमच्याबरोबर कोण असतं?" ते कानातलं यंत्र चाचपायला लागले. बायकोनं लगेच सांगितलं, "शुक्रवारी आमच्याकडे यायचं." शुक्रवार तिनं सहज काढला होता; ज्यूंचा शब्बाथ त्याच संध्याकाळी दिवे लावून सुरू होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या शुक्रवारी तिनं देवापुढची समई लावली, तेव्हा ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "शुक्रवारी आई दिवे लावायची." मग जेवायला लागले.

वरणभात आणि तूप त्यांना फार आवडे. "दातांकडे काहीच मागत नाही, असं हे एकच अन्न आहे." लोणच्याची बरणी दिसली की हात मागे घेत. "मॅडम, ही चव आहे की धमकी?"

सात वर्षं असं चाललं. सई आठवीत गेली. शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सुरू झाला आणि एका गुरुवारी ती दप्तर न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"बाबा, आपल्या दारावर काय आहे, डू यू इव्हन रिअलाइझ?"

"काय आहे? स्वस्तिक आहे."

"आजोबा गराजमधून का येतात, यू थिंक?"

ते चिन्ह कुणी पळवून कशावर लावलं होतं, हे आम्हाला शाळेपासून माहीत होतं. पण ते पुस्तकातलं आणि हे आईनं पाठवलेलं, या दोन गोष्टी डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. बायकोनं स्टूल घेतलं, पितळी स्वस्तिक उतरवलं, कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. आईचं स्वस्तिक हातात घेऊन ती बराच वेळ जिन्यात बसली होती.

शुक्रवारी टकटक गराजवरच झाली. बायको म्हणाली, "डॉक्टर, आज पुढून या. आम्ही ते काढलंय."

ते आत आले ते गराजमधूनच. खुर्चीवर बसले.

"का काढलंत?"

"आम्हाला कळलंच नाही हो. सात वर्षं तुम्ही..."

"पहिल्याच आठवड्यात मी लायब्ररीतून तीन पुस्तकं आणून वाचली. तुमचं चिन्ह फार जुनं आहे. चोरी तुमच्या घरात झाली, मॅडम. चोरी झाली म्हणून मालकानं घर सोडायचं का?"

"मग तुम्ही पुढून का येत नाही?" सईनं विचारलं.

"डोक्याला सगळं कळतं. पायांना कळत नाही. पाय अजून बारा वर्षांचेच आहेत."

बायको डोळे पुसत म्हणाली, "मी नाही परत लावणार."

"मग मी येणार नाही." त्यांचा आवाज एवढा कठीण झालेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "आमच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी डबी असायची, आत प्रार्थनेचा कागद. ती उपटून काढताना मी पाहिली आहे. माझ्यामुळे कुणाच्या दारावरून काही उतरायचं नाही. तुम्हाला दार आहे, मला गराज आहे. एवढं पुरतं."

आम्हाला भीती वाटली की ते खरंच येणार नाहीत. स्वस्तिक त्याच रात्री परत चढलं. पुढच्या शुक्रवारी दोनदा टकटक झाली आणि जरा थांबून तिसरी.

आणखी सात वर्षं गेली. शेवटच्या हिवाळ्याआधी त्यांच्या हातात वॉकर आला. गराजमधून आमच्या स्वयंपाकघरात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पुढचं दार मात्र जमिनीच्या पातळीवर आहे. दोन शुक्रवार ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "पाव आहे, सूप आहे. माझं काही अडत नाही." खिडकीतून मला ते टेबल दिसत होतं. बायको डबा घेऊन गेली, तर त्यांनी घेतला, आभार मानले आणि उभ्याउभ्याच दार लावून घेतलं. स्वस्तिक काढायचा विषय काढायची सोय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मी लाकूड आणलं. दोन पायऱ्या मिळून चौदा इंच. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे रॅम्प चौदा फुटांचा. दोन गाड्यांच्या गराजमधली माझ्या गाडीची जागा पूर्ण गेली. शुक्रवारी मी त्यांना हात धरून आणलं. त्यांनी खिशातून एक काचेची गोळी काढली, मला वर ठेवायला लावली आणि ती खाली कशी येते ते बघत राहिले.

"चढ बरोबर आहे," ते म्हणाले, "अकाउंटंट असून."

मग माझा चष्मा काढून घेतला आणि पुसला. या वेळी जगाबद्दल काही म्हणाले नाहीत.

मार्चमध्ये ते झोपेत गेले. दफनाला नातेवाईक कुणीच नव्हतं. शिष्यवृत्तीवाले विद्यार्थी आले होते, एकमेकांना न ओळखणारे, लांब लांब उभे. सई त्यांच्याजवळ गेली आणि विचारत सुटली, "आज जेवायला कुणाबरोबर आहात?" सात-आठ जण आमच्याकडे वरणभात जेवून गेले. सगळे पुढच्या दारानं आले, घंटा वाजवून.

माझी गाडी अजून बाहेर असते. थंडीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडतो आणि घरात शिरलो की चष्म्यावर वाफ धरते. समोरच्या घरातला माणूस परवा म्हणाला, "दोन गाड्यांचं गराज असून गाडी बर्फात का ठेवता?"

"आत जागा नाही," मी म्हणालो.