भोंगा कुठं गळतो

बँडमध्ये सगळ्यात गाढव माणूस कोण, तर बेसवाला. हे आमचे दाजी स्वतःच म्हणायचे, आणि आमच्या बँडमध्ये तो मोठा पितळी भोंगा छातीशी धरून वाजवायचेही तेच. क्लॅरिनेटवाल्याला नवरदेवाचा मामा बक्षिसी देतो, कारनेटवाल्याकडं पोरी माडीवरून बघतात, आणि बेसवाला आपला मागच्या रांगेत गाल फुगवून भों भों करत चालतो. "पण मी थांबलो ना, की तुमच्या गाण्याचं चिपाड होतं," असंही ते म्हणायचे. हे मात्र खरं होतं. त्यांच्या शेजारी मी मोठा ढोल वाजवायचो. त्यांचा भोंगा आणि माझा ढोल बराबर एका वेळी पडला की पायाखालची जमीन हलायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्यात एका जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या धुरळ्यात उभे असायचे. मी त्यांच्याच घरी राहायचो आणि मोंढ्यात एका अडत्याकडं मापं घालायचो. आमच्या बँडमधला एकही जण वाजवून पोट भरणारा नव्हता. मालक म्हणायचा तर क्लॅरिनेटवाला, तो शिंपी. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तुळशीचं लग्न लागलं की लाल कोट झटकायचे आणि मंठा, आष्टी, परतूर जिकडून बोलावणं येईल तिकडं निघायचं. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या कुठल्याशा पलटणीचं वाजंत्रीचं सामान बाजारात विकायला आलं होतं, त्यात दाजींना हा भोंगा मिळाला. दोन ठिकाणी चेपलेला, पण आवाज म्हणाल तर बिलकुल कडक.

लग्नात दोन्हीकडचे बँड आले की वाजवण्यापेक्षा आम्हाला गप्पांचीच ओढ. शेवटच्या पंगतीत पत्रावळ पुढं ओढली की सुरू! चाव्यांना खोबरेल चांगलं का घासलेट? क्लॅरिनेटची पत्ती काचेनं घासावी का पात्यानं? ढोलाचं चामडं कडब्याच्या जाळावर शेकावं का गोवरीच्या? पाच जण बसले की सहा मतं. टेंभुर्णीच्या बँडचा बेसवाला तर दाजींशी नुसत्या चावीच्या तेलावरून भांडण उकरून काढायचा. धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज त्याच्या भोंग्यापेक्षा मोठा. "पाव्हणं, घासलेट घालून घालून तुम्ही त्या भोंग्याचा जीव घेणार एक दिवस!" असं भर पंगतीत ओरडायचा. दाजींना त्याच्यावाचून करमायचं नाही.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर पहिलंच लग्न होतं आणि भोंगा नीट बोलेना. सूर निघायचा, पण पोकळ. दोन ओळी झाल्या की तिसरीला हवाच नसायची. उस्तादनं मागं वळून डोळे वटारले. परत येताना तो हसत हसत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाकीचे हसले. दाजी हसले नाहीत. "अंगण वाकडंच हाय. भोंगा कुठंतरी गळून राह्यला," ते म्हणाले, आणि मग खोकत बसले. खोकला तर जिनिंगमधल्या प्रत्येकालाच असतो. आम्ही कुणी मान वर करून बघितलं नाही.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. एकानं सांगितलं, सांध्याला मेण लावा. ताईच्या चुलीवर मेण वितळवून लावलं. दुसरा म्हणाला मेण कशाचं डोंबलाचं, लाख लावा. लाख लावली. आष्टीच्या एकानं लिंबू-मिरची बांधायला लावली, तीही बांधली. दाजी रोज जिनमधून आले की भोंगा मांडीवर घेऊन बसायचे आणि नळीन् नळी बोटानं चाचपायचे. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली, पण हात मात्र भोंग्यावर. वाजवता येईना म्हटल्यावर बँडमधून आपण गेलो, ह्या एका भीतीनं त्यांची झोप उडाली होती. जिनमध्ये ते कुणीच नव्हते. बँडमध्ये बेसवाले होते.

शेवटी कुणीतरी सांगितलं, पाण्यात बुडवून फुंका, जिथं भोक असेल तिथून बुडबुडे येतील. म्हणून आम्ही दोघं वेशीबाहेरच्या विहिरीवर गेलो, तिथल्या गुरांच्या हाळात भोंगा बुडवला, पुढचं तोंड मी गोणपाट कोंबून दाबून धरलं, आणि दाजींनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. आणि एका सांध्यापाशी दोन-चार बारीक बुडबुडे आले! "सापडलं! अरे बघ, सापडलं!" दाजी पोरासारखे ओरडले. मीही हाळातल्या पाण्यातच उड्या मारल्या. कल्हईवाल्याकडून तो सांधा झाळून घेतला, आणि घरी येताना दाजींनी ताईला भजी तळायला लावली. पुढच्या लग्नात भोंगा पहिल्यापेक्षाही मलूल वाजला.

रोग रेड्याला अन् डाग पखालीला म्हणतात, ते हेच. नंतर औरंगाबादच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तेव्हा तिथले डॉक्टर माझ्यावर खेकसले, "इतके दिवस करत काय होतात तुम्ही?" आता त्यांना काय सांगायचं, हाळात भोंगा बुडवून बुडबुडे बघत होतो? दोन्ही फुप्फुसं गेली होती. सुया दिल्या, पण फार उशीर झाला होता. दाजी त्याच वर्षी गेले. त्या डॉक्टरचा मला राग येत नाही. माझा मलाच येतो, आणि त्या सगळ्या शहाण्यांचा येतो ज्यांना पितळाचं सगळं कळत होतं.

पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या मंठ्याच्या लग्नाचं. एका मारवाडी व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न, वरात जालन्याहून. वराकडून आम्ही, वधूकडून टेंभुर्णीचा बँड. दुपारची जेवणं झाली, दोन्ही बँड मांडवामागं लिंबाखाली टेकले. विषय अर्थातच दाजींचा भोंगा. जो तो आपलं घोडं दामटत होता. टेंभुर्णीचा बेसवाला वैतागून उठला.

"हटा सगळे. पाव्हणं, आणा इकडं. मी बघतो काय गळतंय ते."

दाजींनी दिला. म्हाताऱ्यानं तोंडाकडची पितळी वाटी उपरण्यानं पुसली, भोंगा छातीशी धरला आणि एकच खालचा सूर लांबवला.

काय सांगू! मांडवात पाणी वाहणाऱ्या बाया हंडे घेऊन जागच्या जागी थांबल्या. गाड्यांचे बैल उठून उभे राहिले. तोच आवाज, आमचाच, जमीन हलवणारा. सूर संपला. उस्ताद खाली मान घालून क्लॅरिनेटची पत्ती बघत बसला. मी दाजींकडं बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

म्हाताऱ्यानं भोंगा हळूच खाली घेतला. एका वाकणावर बोट ठेवून तो म्हणाला, "हितं गळतंय. हा, हितंच. बिलकुल गळतंय."

"मी बी तेच म्हणून राह्यलो," दाजी म्हणाले.

वरात निघाली. दाजींनी भोंगा ओठाला लावला आणि ते नुसत्या चाव्या दाबत चालले. थोड्या वेळानं बघतो तर टेंभुर्णीचा म्हातारा आपला बँड सोडून आमच्या रांगेत, दाजींच्या उजव्या हाताला. दोघांचं तो एकटा वाजवत होता. त्याचा बँडमालक लांबून शिव्या घालत होता. मी ढोल असा बडवला की माझ्या मनगटाला सूज आली. रडू येत होतं आणि हात तर थांबवता येत नव्हता.

परतीच्या मोटारीत दाजी भोंगा मांडीवर घेऊन बसले. जालना जवळ आलं तेव्हा मला म्हणाले, "त्यानं माझ्या तोंडचं काहून तोंडाला लावलं रे? मी दिलंच कसं?" तेव्हा मला कळलं, की त्यांना कळलंय.

घरी पोचलो तर ताई अंगणात जवारी पाखडत होती. आतमध्ये त्यांची लहान पोरगी झोपली होती. दाजी उंबऱ्याच्या आत गेलेच नाहीत. बाहेरच भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "आजपासून माझा तांब्या अन् ताट वेगळं ठेव. पोरीला बी माझ्याजवळ झोपवू नको."

मला वाटलं आता ही ऊर बडवून घेईल. तिनं हातातलं सूपही खाली ठेवलं नाही.

"वेगळाच हाय," ती म्हणाली. "दसऱ्यापासून वेगळा हाय. राखेनं घासते अन् चुलीमागं पालथा घालते. पोरगी बी तवापासून माझ्याच अंगाशी झोपून राह्यली. तुम्हाला आज कळलं?"

दसरा! दसऱ्याला तर भोंगा ठणठणीत वाजत होता. आमची आई ह्याच खोकल्यानं गेली होती. मी तेव्हा रांगत होतो, आणि आईचं सगळं हिनं काढलं होतं. हिला पहिल्या उबळीलाच ओळखू आलं असणार. आणि आम्ही बापे हिच्याच चुलीवर मेण वितळवत होतो! माझा असा संताप झाला की मी तिच्या अंगावर ओरडलोच, "मंग बोलली काहून न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुला?" तिनं सूप आपटलं. "त्या रोगाचं नाव काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी जिनवाल्यानं काढलं असतं, तिसऱ्या दिवशी घरमालकानं. आळीतल्या बायांनी पोरीला दारात उभी केली नसती. लोक भोंग्याला नावं ठेवून राह्यले होते, ठेवू दिली मी. भोंग्याला काय, ना पोट ना लेकरू."

एवढं बोलल्यावर मात्र तिचा आवाज फाटला आणि तिनं पदर तोंडात कोंबला. दाजी म्हणाले, "बरं केलंस. पाणी दे."

तिनं चुलीमागचा तांब्या भरून आणला. खाली ठेवला नाही, त्यांच्या हातात दिला, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली.