थीमबाईंची चुकांची वही

पूर्व जर्मनीतल्या आमच्या झिटाऊ गावात थीमबाईंकडे पियानो शिकलेलं माणूस ओळखायचं असेल, तर त्याचा सूर चुकताना बघा. बाकीचे लोक चुकले की लगेच बरोबरची पट्टी दाबून मोकळे होतात. आम्ही हात मांडीवर ठेवतो आणि गप्प बसतो. चाळीस वर्षं होत आली, मी स्वतः शिकवते आता, पण माझे हात अजून आपोआप मांडीवर जातात.

"चुकीचा वाजवून वर लगेच बरोबर वाजवलास ना," बाई म्हणायच्या, "की बोटं दोन्ही शिकतात. आधी माती खायची, मग तोंड पुसायचं, हे सगळंच पाठ होतं. त्यापेक्षा थांब. का चुकलं ते सांग. मग हळू वाजव."

त्यांचं हळू म्हणजे इतकं हळू की मध्ये चहा पिऊन यावा. पियानोवर दोन बश्या असायच्या, डावीत कॉफीचे पाच दाणे. अवघड जागा एकदा बिनचूक वाजली की एक दाणा उजवीत. पाचव्या खेपेला जरी चुकलं तरी सगळे दाणे परत डावीत. कॉफी तेव्हा आमच्याकडे सहज मिळायची नाही, त्यामुळे शिकवणी संपली की ते दाणे इमानेइतबारे डब्यात परत जायचे. आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही. कोण चुकलं, कुठल्या रचनेत, कुठलं पान, कुठली ओळ, तारीख. चूक सुटली की बाई फूटपट्टी धरून ती ओळ खोडायच्या.

रोसविटा थीम या काही मोठ्या कलावंत वगैरे नव्हत्या. नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, त्या सकाळी शाळेत गाणं शिकवायच्या आणि दुपारी घरी आम्हाला. माझी आई त्यांना 'हवालदारीण' म्हणायची. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे.

सोळाव्या वर्षी मी ड्रेस्डेनच्या संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होते. संधी एकदाच. बाबा गवंडी. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "आनेग्रेट, झालं तर झालं. नाही झालं तर सप्टेंबरपासून मावशीच्या बेकरीत पीठ मळायचं. रडारड चालणार नाही." मला पीठ मळायचं नव्हतं. मला पियानोशिवाय दुसरं काहीच नको होतं.

आणि परीक्षेच्या रचनेत, तिसऱ्या पानावर, दुसऱ्या ओळीत माझं घोडं अडलं. उजव्या हातानं तिथं खालून एकदम वर झेप घ्यायची आणि एक काळी पट्टी गाठायची. सुरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे लिहितात, अंगठा एक, करंगळी पाच. बाई आमच्या प्रत्येकाच्या पुस्तकात ते आपल्या हातानं, शाईनं लिहायच्या. त्या काळ्या पट्टीवर त्यांनी चार लिहिला होता. चौथं बोट, म्हणजे करंगळीशेजारचं. तेवढ्या लांब गेलं की माझं ते बोट लटपटायचं आणि शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर घसरायचं.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. तीन दिवस मी तेवढी एकच ओळ वाजवत होते. चार दाणे उजवीत, पाचव्याला घसरले. दाणे परत डावीत.

"लक्ष कुठंय तुझं?" बाई म्हणाल्या. "ड्रेस्डेनला काय घसरगुंडी खेळायला जातेस?"

माझं डोकंच फिरलं. "मी एकटीच घसरते का? युट्टाचाही सूर इथंच चुकायचा! सगळ्यांचाच इथंच चुकतो, विचारा हवं तर!"

युट्टा माझ्याआधी चार वर्षं तीच रचना घेऊन त्याच परीक्षेला गेली होती. याच जागी अडखळली, पुढचं सगळं कोसळलं, प्रवेश मिळाला नाही. ती आता पोस्टात होती आणि तिनं पियानोला पुन्हा हात लावला नव्हता.

मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण बाईंनी निळी वही काढली आणि पहिल्या पानापासून उलटायला लागल्या. थोड्या थोड्या पानांनी त्यांचं बोट थांबायचं: तिसरं पान, दुसरी ओळ. मग वही मिटून मला म्हणाल्या, "ऊठ," आणि स्वतः बसल्या.

त्यांनी ती झेप घेतली. चौथं बोट, सूर स्वच्छ. पुन्हा घेतली. मग आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. त्यांचं तिसरं बोट, मधलं, वाकत नसे. एकोणिसाव्या वर्षी तळघराच्या दारात चेंगरलं होतं. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्यासुद्धा.

"हा चार माझ्या बोटासाठी होता," त्या म्हणाल्या. "माझ्या मोडक्या बोटासाठी. आणि मी तो तुम्हा सगळ्यांच्या पुस्तकात उतरवत बसले. बावीस वर्षं. अकरा जणं. आनेग्रेट, चूक माझी आहे. मला माफ कर."

मोठ्या माणसानं माझी माफी मागितल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "असू दे बाई." त्यांनी ब्लेडनं शाई खरवडली, कागद जवळजवळ फाटला, आणि पेन्सिलनं तीन लिहिला.

नऊ दिवसांत सवय मोडणं म्हणजे काय असतं ते वाजवणाऱ्यालाच विचारा. चौथंच बोट पुढं पळायचं. बाई रोज शाळा सुटली की मला घेऊन बसल्या. पट्टी दाबायची नाही, नुसतं तिसरं बोट तिच्यावर नेऊन ठेवायचं, शंभरदा. आठव्या दिवशी पाचही दाणे उजवीत गेले. ड्रेस्डेनला तीन परीक्षकांसमोर माझा हात उडाला आणि बोट बरोब्बर त्या काळ्या पट्टीवर बसलं. आजही तो सूर कानात आहे माझ्या.

मी पास झाले त्याच आठवड्यात बाई युट्टाच्या घरी गेल्या. तासभर आत होत्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही.

आता बाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत, वृद्धाश्रमात असतात. दर रविवारी मी प्लमचा केक घेऊन जाते आणि 'साखर जास्त झाली' हे ऐकून येते. परवा त्यांनी ती निळी वही माझ्या हातात ठेवली. "तू शिकवतेस, तुझ्याकडे असू दे."

मी पानं उलटली. सगळ्या ओळी फूटपट्टी धरून खोडलेल्या. माझीही, परीक्षेच्या तारखेला. शेवटच्या पानावर एकच ओळ तशीच होती. 'रोसविटा थीम. तिसरं पान, दुसरी ओळ. बावीस वर्षं.'

या बाईंनी मला अख्खं आयुष्य दिलं, आणि स्वतःच्या नावावर ही एक ओळ ठेवून बसल्या! मी पर्समधून पेन्सिल आणि छोटी फूटपट्टी काढली आणि पट्टी धरून ती ओळ खोडली.

"ए, कुणाला विचारून?" बाई गुरगुरल्या.

"युट्टाला," मी म्हणाले. "गेल्या महिन्यात तिनं सेकंडहँड पियानो घेतला. मला म्हणाली, बाईंना सांग, तो सूर तीन नंबरच्या बोटानं लागतो."

बाईंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि गप्प बसल्या.