दहा नंबरचे दोघे

रिना पावराला राउटर बदलायला आवडत नसे. तळोद्याच्या ज्या इंटरनेट ऑफिसात ती तीन वर्षांपासून होती, तिथे तक्रार आली की खोकं बदलून मोकळं व्हायचं, अशी पद्धत होती. रिना मात्र आधी घरात शांत बसायची, कोणती वस्तू कधी लावतात, कधी बंद करतात ते विचारायची. एका घरात दोन-दोन तास लावते म्हणून साहेब राजेंद्र कुरकुरायचे. पण तिने पाहिलेल्या घरून पुन्हा फोन येत नसे, हेही त्यांना ठाऊक होतं.

ती धडगावकडची. डोंगरातल्या पाड्यावर वडील रेवजी ज्वारी-मका पिकवायचे आणि दिवाळीनंतर घरदार घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जायचे. रिना तेवढी आश्रमशाळेत राहिली, मग नंदुरबारला आयटीआय केलं. घरी पावरी बोलायची, ऑफिसात मराठी, आणि गिऱ्हाइकांशी अहिराणी. ती शिडी घेऊन दारात उभी राहिली की माणसं तिच्या मागे पाहायची, मेकॅनिक कुठाय म्हणून. पहिल्या वर्षी तिला त्याचा राग यायचा. आता ती सरळ चप्पल काढून आत जायची.

बोरद रस्त्यावरच्या सुकलाल पाटलांच्या घरची तक्रार चौथ्यांदा आली, तेव्हा राजेंद्रांनी तिला धाडलं. दोन राउटर बदलून झाले होते. मुलगा भाग्येश पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचा आणि रोज सकाळी अकराच्या सुमारास त्याचं नेट जायचं. तिकडचे साहेब मीटिंगमध्ये बोलत असताना याचा चेहरा गोठायचा.

दोष कोणाचा, हे घरात आधीच ठरून गेलं होतं. भाग्येशची आई शोभाबाई अकराला स्वयंपाक उरकून टीव्ही लावायच्या. तो टीव्ही वायफायवर चालायचा. टीव्ही लागला की नेट जातं, असं भाग्येशने जाहीर केलं आणि रिमोट स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकला. त्याला आठ दिवस झाले होते. नेट तरीही मधूनमधून जातच होतं. पण रिमोट काही परत आला नव्हता.

रिना आली तेव्हा भाग्येश हेडफोन गळ्यात घालून बसला होता. त्याने तिला सगळं सांगितलं आणि शेवटी आईच्या टीव्हीवर आला. शोभाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. भाग्येश पाणी आणायला आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"बेटा, मन्हा टीव्हीमुये नेट जास का? तेवढं सांगी दे."

रिनाने आधी तेच करून पाहायचं ठरवलं. रिमोट खणातून काढायला लावला आणि टीव्ही सुरू केला. नेट धावत होतं. आवाज वाढवला, दुसरं चॅनेल लावलं, सगळ्यांचे फोन जोडले, प्रिंटरवर एक कागदही काढला. पाऊण तास झाला तरी काही बिघडेना. भाग्येशला वाटलं, आज हिला बघून नेट घाबरलं असावं.

तेवढ्यात सुकलालभाऊ पांढरी टोपी घालून तळोद्याला जायला निघाले. त्यांनी मोटारसायकल सुरू केली, फाटकाचा आवाज झाला, आणि मिनिटभरात भाग्येशने डोक्याला हात लावला. नेट गेलं होतं. टीव्ही मात्र चालूच होता.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली आणि भाग्येशने सवयीने ती बंद केली. रिनाने विचारलं, ती काय होती? तो म्हणाला, रोज येते, काहीतरी जाहिरात असेल. तिने ती पुन्हा उघडायला लावली. या नेटवर्कवर दुसऱ्या यंत्राचा हाच पत्ता आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. महिनाभर ते लिहिलेलं येत होतं आणि भाग्येश ते न वाचता बंद करत होता. त्याचे कान लाल झाले.

रिनाने त्याचा लॅपटॉप वायफायवरून काढला. नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, म्हणजे नंबर, शेवटी दहा असलेला होता. मग तिने स्वतःच्या लॅपटॉपवरून त्याच दहा नंबरला हाक दिली. त्याचा लॅपटॉप तर बाजूला केलेला, तरी उत्तर आलं. पुन्हा दिली, पुन्हा आलं.

"तुम्हना घरमा आखो कोणीतरी दहा नंबर लीसन बसेल शे," ती शोभाबाईंना म्हणाली.

शोभाबाई तांदळाचं ताट घेऊन जवळ येऊन बसल्या. रिनाने त्यांना आपल्या आश्रमशाळेतली गोष्ट सांगितली. तिच्या वर्गात तीन रिना होत्या. बाई हाक मारायच्या तेव्हा तिघी उठायच्या, आणि एकीचं पत्र दुसरी वाचायची. शेवटी बाईंनी प्रत्येकीला वडिलांच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे घोटाळा मिटला. इथे तसंच झालं होतं. राउटर दहा नंबरला हाक मारतो आणि दोघे ओ देतात.

मग तिने विचारलं, काका जाताना काही लावून गेले का?

शोभाबाईंनी क्षणभर विचार केला आणि ओसरीवरच्या एका बटणाकडे बोट दाखवलं. ते गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं होतं. म्हैस व्यायला आली होती, म्हणून सुकलालभाऊंनी महिन्यापूर्वी कॅमेरा बसवून घेतला होता. घरी असले की बंद, बाहेर निघाले की चालू. मग बाजारात उभे राहून फोनवर म्हैस बघायची. बसवणाऱ्याने त्याला दहा नंबर कायमचा बांधून दिला होता. आणि भाग्येशच्या एका मित्राने प्रिंटर जोडताना लॅपटॉपलाही तोच बांधला होता. सोपा म्हणून दोघांनी एकच निवडला.

रिनाने बटण बंद केलं, नेट आलं. चालू केलं, गेलं. भाग्येशने स्वतः दोनदा करून पाहिलं.

इतक्यात सुकलालभाऊंचा फोन आला. म्हैस दिसत नव्हती. मुलाने कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कॅमेरा बंद करना नही. म्हैस आज-उद्यामा व्यास." रिनाने फोन घेतला आणि दहा मिनिटं मागितली.

लॅपटॉपचा बांधलेला नंबर तिने सोडवला. आता राउटर देईल तो नंबर लॅपटॉप घेणार होता. राउटर शंभरपर्यंतचेच नंबर वाटेल असं ठरवून दिलं, आणि कॅमेऱ्याला त्या पलीकडचा, दोनशेवा. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, कोणाचा नंबर काय ते एका कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवलं. कॅमेरा पुन्हा लागला, नेट हललं नाही. बाजारातून सुकलालभाऊंचा आवाज आला, म्हैस दिसी ऱ्हायनी, म्हणजे दिसतेय.

मग भाग्येशने रिमोट आणून आईच्या हातात दिला. "आई, चूक मन्ही व्हती," तो म्हणाला. शोभाबाईंनी रिमोट घेतला, टीव्ही लावला नाही. आधी रिनाला जेवायला वाढलं: ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, कांदा. वाढताना त्यांनी विचारलं की हे ओळखायला किती वर्षं शिकावं लागतं. रिना म्हणाली, शिकले दोन वर्षं, पण बरंचसं माणसांना विचारूनच कळतं. आज बटण तर तुम्हीच दाखवलंत. हे ऐकून शोभाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी रिनाला ते भाग्येशसमोर पुन्हा सांगायला लावलं.

म्हैस दोन दिवसांनी व्याली, पारडी झाली. सुकलालभाऊंनी बाजारात आठ-दहा जणांना ती फोनवर दाखवली, आणि कॅमेरा नीट करणाऱ्या पोरीचं नावही सांगितलं. त्यांच्या घरून पाचवी तक्रार आली नाही. पुढच्या आठवड्यात राजेंद्रांनी रिनाच्या टेबलावर तीन जुन्या तक्रारींचे कागद ठेवले, ज्यात प्रत्येक घरी दोन-दोन खोकी बदलून झाली होती. किती वेळ लागेल, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. रिनाने कागद पिशवीत टाकले, गाडीला किक मारली आणि सगळ्यात लांबच्या घराकडे आधी निघाली.