सहाची कळ

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. म्हणजे कोयता, बाबांची मोटरसायकल, भिंतीवर टांगलेली मापाची टेप आणि आईची शिलाई मशीन. मी इंजिनिअरिंगला गेल्यापासून त्यांत माझा कॅल्क्युलेटरही असतो. त्या वर्षी मी दसऱ्याला वडशाला घरी होते, पण पूजेच्या वेळी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर कॅल्क्युलेटर मशीनच्या पायाशी पाटावर होता. त्याचं सरकतं झाकण आईने काढून बाजूला ठेवलं होतं. कळांवर हळद, ओलं कुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं फूल.

"झाकण का काढलंस?" मी विचारलं.

"देवापुढं झाकून ठेवतेत का काही? तोंड दिसाले पायजे."

मी फूल उचललं, अक्षता झटकल्या आणि ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं. पुसलं गेलं असं मला वाटलं.

त्या वर्षी मी चंद्रपूरला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि दुसऱ्या वर्षाचा सर्व्हेइंगचा पेपर माझ्या मागे राहिला होता. तो हिवाळी परीक्षेत निघाला नाही तर चौथ्या वर्षात प्रवेश मिळणार नव्हता. बाबा राइस मिलमध्ये वजनकाट्यावर असतात, ते रागावत नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "नाई निघाला त वर्षभर घरी बसून काय करशीन, ते आत्ताच इचार करून ठेव." त्यानंतर मी दुसऱ्या कशाचा विचारच करू शकत नव्हते. जेवताना, कपडे धुताना, कुणी हाक मारली तरी मनात तोच पेपर असायचा.

सर्व्हेइंगच्या गणितात एक प्रकार असा असतो की शेताभोवती खुंट्या ठोकून, प्रत्येक बाजूची लांबी आणि दिशा मोजत, फिरून पहिल्याच खुंटीवर यायचं. मग कागदावर प्रत्येक बाजू उत्तरेकडे किती गेली, पूर्वेकडे किती गेली, हे साइन-कोसाइनने काढायचं. आपण निघालो तिथेच परत आलो असू, तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. थोडा फरक चालतो. मोठा फरक म्हणजे कुठेतरी चूक.

दसऱ्यानंतर माझी बेरीज जुळेना.

कॉलेजच्या मैदानावर आमच्या गटाचं प्रॅक्टिकल होतं. कोन मोजायच्या थिओडोलाइटला डोळा लावून एक मुलगा आकडे सांगायचा आणि मी लिहायची. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. 'एकोणसत्तर' ऐकलं की मी क्षणभर थांबते, मनातल्या मनात आकडा उलटसुलट करते आणि मग लिहिते. गटाला ते माहीत होतं.

"हो गया, मॅडम का सिक्स्टी नाइन," तो मुलगा म्हणाला. "जाऊ दे, मी इंग्रजीतून सांगतो. नाईतर आपलं शेत तेलंगणात जाईन."

सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी हिशेब केला तर शेत खरंच उघडं राहिलं होतं. शेवटची रेघ पहिल्या खुंटीपासून कितीतरी लांब पडली होती. कुणीच काही तपासलं नाही. आकडे मी लिहिले होते, म्हणजे चूक माझी, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

मग मी होस्टेलच्या खोलीत पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं घेऊन बसले. उत्तर समोर छापलेलं असायचं. कधी जुळायचं, कधी नाही. न जुळलेलं पुन्हा केलं की जुळायचं. यानेच मी जास्त घाबरले. नेहमी चुकलं असतं तर काय येत नाही ते कळलं असतं. डोक्यालाच काही झालंय का, अशी शंका येऊ लागली. मी झोपायला लवकर जाऊ लागले आणि आकडे तोंडाने मोठ्याने म्हणत दाबू लागले. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तू मंत्र म्हणून राह्यली का वो?"

त्या मोठ्याने म्हणण्यामुळेच सापडलं. मी 'सहा' म्हटलं, दाबलं, आणि सहज पडद्याकडे पाहिलं. दोन सहा उमटले होते. पुसून पुन्हा दाबलं, एक आला. पुन्हा दाबलं, काहीच नाही. आकडे दाबताना माझी नजर नेहमी कागदावर असायची, म्हणून इतके दिवस दिसलं नव्हतं. खिडकीशी नेऊन कॅल्क्युलेटर तिरपा धरला. सहाच्या कळेच्या कडेने केसाएवढी लाल रेघ होती.

पहिल्यांदा हायसं वाटलं. चूक माझी नव्हती. पण ते फार टिकलं नाही, कारण आता कुठलं उत्तर माझ्यामुळे चुकलं आणि कुठलं कळेमुळे, हे सांगताच येत नव्हतं. काडीला कापूस गुंडाळून, सॅनिटायझरमध्ये बुडवून मी कड पुसली. त्यामुळे आत वाळलेलं कुंकू बहुतेक पातळ होऊन पसरलं. आता पाचही चिकटू लागला.

घरी फोन केला, पण हे सांगितलं नाही. दिवाळीनंतर वडशाला नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो आणि आई त्यांचे कपडे शिवते, राजाचे अंगरखे, राणीचे शालू. फोनवर मशीनचा आवाज येत होता.

"अभ्यास होऊन राह्यला ना, बाई? पूजा केलीच आहे म्या यंदा नीट," ती म्हणाली.

मी "हो" म्हटलं.

नवा कॅल्क्युलेटर घेणं भाग होतं. मी चंद्रपुरातल्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानात बोलायचं म्हणजे मला आधी वाक्य तयार करावं लागतं. दुकानदाराने मला पाहून आधी आलेख काढणारा, मोठ्या पडद्याचा कॅल्क्युलेटर काचेवर ठेवला.

"ताई, हा घ्या. सगळं करते. ग्राफ काढते, प्रोग्राम ठेवते."

"परीक्षेत चालत नाही," मी म्हटलं. वाक्य तयार होतं ते.

मग त्याने साधे सायंटिफिक काढले. माझ्या जुन्याचं मॉडेल बंद झालं होतं. मी एकेक घेऊन पाहू लागले. प्रत्येकावर साइन तीस काढला. अर्धा यायला हवा, आला. मग सहा भागिले दोन आणि लगेच कंसात एक अधिक दोन. माझ्या जुन्यावर याचं उत्तर एक यायचं. इथल्या एका कॅल्क्युलेटरने एक दिलं, दुसऱ्याने नऊ. दोन्ही बिघडलेले नव्हते. कंसाच्या आधी गुणाकाराचं चिन्ह नसेल तर काय समजायचं, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं असतं. मला हे माहीत होतं, तरी ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मी पुन्हा पाहिले. मग प्रत्येकाची सहाची कळ दाबत राहिले.

दुकानदार गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाला, "लोक पोरगा पाहाले येतेत त एवढं नाई पाहत."

माझे कान तापले. तरी सगळे पाहून झाल्याशिवाय मी हललेच नाही. जुन्यासारखं उत्तर देणारा घेतला.

खोलीवर येऊन कोसाइन तीस काढला तर पडद्यावर दशांश अपूर्णांक नाहीच, तीनचं वर्गमूळ छेद दोन, पुस्तकात छापतात तसं. दिसायला सुंदर. पण बेरजा करायला मला दशांशच हवा होता. माहितीपत्रक वाचून सेटिंग बदललं. अंश-मिनिट-सेकंदाची कळ एक ओळ खाली गेली होती, माझं बोट सवयीने चुकीच्या जागी जायचं. परीक्षा जवळ आली होती आणि मी पुन्हा बोटांना शिकवत होते.

पेपरच्या आधी घरी जायचं नव्हतं, पण प्रवेशपत्रासाठी लागणारं एक कागदपत्र घरी राहिलं होतं. चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी पकडली. वडशाला उतरले तर स्टेशनबाहेर नाटकांचे फलक लागले होते. घरात चालायला जागा नव्हती, जिकडेतिकडे मखमल आणि जरीची कतरण. आईने नवा कॅल्क्युलेटर पाहिला.

"नवा घेतला? मंग पूजा नाई झाली याची." ती उठून देवाच्या कोनाड्यातली कुंकवाची वाटी घेऊन आली. "काढ झाकण."

"नको," मी म्हटलं.

"काऊन?"

बाबा पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं. मी कॅल्क्युलेटर दोन्ही हातांनी धरला होता. वाक्य तयार नव्हतं.

"कुंकू आत जातं. जुना त्यानेच बिघडला. सहा दाबला की दोनदा येतो, नाहीतर येतच नाही. मला वाटत होतं मीच चुकते."

आई वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

"दसऱ्यापासून?"

"हो."

"मंग एवढे दिवस बोलली काऊन नाई?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट त आता वाटून राह्यलं," ती म्हणाली. मग मशीनकडे पाहून, "हिले त मी वाटीभर कुंकू लावतो. हिले काई होत नाई. एवढं शिकलेलं मशीन, अन् चिमूटभर कुंकवानं आजारी पडते."

"त्याले झाकण कशाले देलं मंग?" बाबा म्हणाले.

"तुमी पेपर वाचा."

वाटी तिने परत ठेवली. संध्याकाळपर्यंत तिची मशीन चालू होती. मी माझ्या वहीत डोकं घालून बसले, पण प्रत्येक उदाहरणात तिचा चेहराच यायचा. गाडीला निघताना तिने माझ्या हातात एक पिशवी दिली. राजाच्या अंगरख्याच्या लाल मखमलीची, जरीच्या काठाची, नाडीने बंद होणारी, कॅल्क्युलेटरच्या मापाची. तिने कॅल्क्युलेटर झाकणासकट आत घातला, नाडी ओढली आणि मग पिशवीवर हळदकुंकवाचं बोट टेकवलं.

"आता जाते का आत?"

"नाही."

"मंग झालं. अन् पुढं काई झालं त त्याच दिवशी सांगजो."

ती पिशवी परीक्षेच्या हॉलमध्ये कशी काढायची, याची काळजी मी गाडीत नागभीड स्टेशन येईपर्यंत केली.

पेपरच्या दिवशी सुपरवायझर बाकांमधून कॅल्क्युलेटर तपासत आल्या. त्यांनी पिशवी उचलली, वरून दाबून पाहिली.

"हे काय आहे?"

"कॅल्क्युलेटर, मॅडम."

"कोण्या राजाचा?" त्यांनी कॅल्क्युलेटर काढून माझ्यापुढे ठेवला, पिशवी उलटी करून झटकली, आत चिठ्ठी नाही ना ते पाहिलं आणि ती खिडकीत ठेवून दिली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही.

खुंट्यांचं उदाहरण आलंच. मी एकेक बाजू काढत गेले, प्रत्येक सहाला पडद्याकडे पाहत. बेरीज केली. जुळली नाही. फरक मोठा होता.

 क्षणभर मी कळेच्या कडेला लाल रेघ शोधली. कड स्वच्छ होती. म्हणजे यावेळी मीच. विचित्र वाटेल, पण त्यानेच मला थोडा धीर आला. माझी चूक असेल तर ती कागदावर कुठेतरी असणार. मी वरून खाली आले. चौथी बाजू दक्षिणेकडे जाणारी होती आणि मी तिला उत्तरेकडे धरलं होतं, वजाच्या जागी अधिक. चिन्ह बदललं. बेरीज शून्याच्या अगदी जवळ आली. तरी मी ती पुन्हा केली, आणि आणखी एकदा. त्या नादात शेवटचा प्रश्न राहिला.

निकाल लागेपर्यंत त्या राहिलेल्या प्रश्नाचे गुण मी रोज मनात वजा करत होते. पेपर निघाला, काठावर. फोन केला तेव्हा मशीन थांबल्याचा आवाज आला.

"निघाला," मी म्हटलं.

"साहा बरोबर आला होता ना?" आईने विचारलं.

"हो. एक प्रश्न राहिला पण. वेळ पुरला नाही, मी बेरीज पुन्हा पुन्हा करत बसले."

"हे आज सांगतलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगाचं ठरलं होतं."