आधी पाणी, मग भाकर

सुलाबाई लग्न होऊन त्या घरात आली, अंगावरची हळदसुद्धा नीट उतरली नव्हती, तेव्हा तिनं दाराआडून एक भांडण ऐकलं. भांडण सासू-सासऱ्यांचं होतं आणि ते चाललं होतं तिच्या नवऱ्यावरून. नवरा म्हणजे आप्पासो. ट्रक घेऊन इंदूरला गेलेला, त्या सकाळी परत आला, तर त्याच्या आईनं, तानुबाईनं, उंबऱ्यात हात आडवा धरला.

"तितंच थांब. आधी पाणी, मग भाकर."

"आगं, पोरगं उपाशी हाय," सासरा बिरदेव आतून म्हणाला. "आधी खाऊ दे की त्याला."

"मेंढरू सुदिक आपण धुतल्याबगर कातरत न्हाई. आन् ह्यो कवाचा पारोसा, डिझेलच्या वासाचा, सरळ चुलीपातूर?"

"ते मेंढरू हाय. ह्यो तुझा ल्योक हाय."

"म्हणून तर बोलतीया. मेंढराला कोण एवढं बोलतंय?"

"असंच करत ऱ्हा. उद्या घरला यायचाच न्हाई त्यो. धाब्यावर ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या. पर धुऊन ऱ्हाऊ द्या."

"भाकर गार होतीया त्याची."

"गार होऊ दे. भाकर पळून जात न्हाई."

ज्याच्यावरून एवढं रामायण चाललं होतं, तो आप्पासो हातात चपला घेऊन दारातल्या दगडावर बसला होता. कधी आईकडं बघायचा, कधी बापाकडं. नव्या नवरीनं मध्ये काय बोलावं? चुलीवर पाणी तापत होतं, ते तिनं बादलीत ओतलं, मागल्या दारानं वळसा घालून आली आणि बादली नवऱ्याच्या पुढ्यात ठेवून परत आत गेली. भांडण तिथंच संपलं. तानुबाई एवढंच म्हणाली, "सून कामाची मिळाली."

हे घर तासगावच्या पुढं, माळावरचं. पिढ्यान् पिढ्या मेंढरामागं फिरलेली माणसं. पाऊस गेला की घोड्यावर संसार लादायचा आणि घाट उतरून तळकोकणात जायचं, हा तानुबाईचा निम्मा जन्म. हातातली काठी टाकून स्टेअरिंग धरणारा घरातला पहिला माणूस आप्पासो. बिरदेवाला वाटलं, पोरगं सुधारलं, आता फिरायचं बंद झालं. तानुबाई मात्र पक्की होती. "फिरायचं कुठं बंद झालं? घोड्याच्या जागी गाडी आली, एवढंच. ज्याला घर न्हाई त्यानं नेमानं ऱ्हावं लागतं. घरात ऱ्हाणाऱ्याचं काय, त्याचं कसंबी चालतं."

तिचे नेम आप्पासोनं ट्रकात चढवले ते आजपर्यंत उतरले नाहीत. ओढ्याच्या वरच्या अंगाचं पाणी माणसाला आणि खालच्या अंगाचं मेंढराला, असं ती सांगायची. ट्रकात ओढा कुठला? म्हणून आप्पासोनं दोन कॅन ठेवले. एक प्यायचा, एक धुण्याचा. धुण्याच्या कॅनला तांबडी चिंधी बांधली, म्हणजे झोपेतही हात चुकू नये. पेट्रोल पंपाच्या नळावर, विहिरीच्या पाटावर, नाहीतर टँकरवाल्याला दादा-बाबा करून, पण रोजची आंघोळ व्हायचीच. टॉवेल बाजूच्या आरशाला वाळत. दात घासल्याशिवाय चहा नाही, ताडपत्रीला हात लावला की साबण लावल्याशिवाय भाकरीला हात नाही. आणि लघवीला लागली की गाडी बाजूला घ्यायची, मग मागचा कितीही हॉर्न मारू दे. बाकीचे ड्रायव्हर वेळ वाचवायला पाणीच पीत नाहीत आणि मग मुतखडा झाला की देवाला बोल लावतात.

हंबीरराव नावाचा त्याचा एक सोबती ड्रायव्हर होता, आहे अजून. त्यानं नाव ठेवलं, 'आंघोळ्या आप्पा'. सगळ्या रस्त्यावर तेच झालं. पुढं राजस्थानात उन्हाच्या तलखीत हंबीरराव कुठल्याशा गाड्यावर बर्फाचं सरबत प्याला. दुसऱ्या दिवशी ट्रक रस्त्याकडेला आणि हंबीरराव बाजरीच्या रानात, असा दिवस गेला. आंघोळ्या आप्पानंच त्याला उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजलं. परत आल्यावर हंबीररावाच्याही कॅनला तांबडी चिंधी दिसली. नाव मात्र त्यानं बदललं नाही.

वर्षं गेली. बिरदेव गेला, तानुबाई गेली, दारातला दगड राहिला. आप्पासोचे केस पांढरे झाले. आणि एका शिमग्याला घोटाळा झाला.

ट्रकांचे मालक उदयसिंह. साताऱ्याचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचं यार्ड, आणि यार्डातही फौजच. ट्रक एका रेषेत, ड्रायव्हरची दाढी केलेली. ड्रायव्हरांची तपासणी करायला ते एका डॉक्टरीणबाईंना बोलवायचे, समीक्षा त्यांचं नाव. त्यांनी आप्पासोचं रक्त तपासलं, तर साखर निघाली, आणि चांगली पोत्यानं निघाली. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "साखर बंद, गोड बंद, चालायचं भरपूर, पण अनवाणी नाही. भूक लागली तर भाजी, काकडी, एखादं फळ खा."

सुभेदारांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पासो, चक्कर येऊन गाडी कुणाच्या अंगावर गेली तर तुम्हाला बी झोप लागायची न्हाई, मला बी न्हाई. दसऱ्यापर्यंत साखर खाली आणा. न्हाई आली, तर किल्ली माझ्याकडं. तुम्ही यार्डात खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या."

घरी आल्यावर आप्पासो जेवला नाही. "खुर्चीत बसून गाड्या बघू मी?" म्हणाला. "मेंढरू खुट्ट्याला बांधल्यागत?" सुलाबाईला कळलं, हे काम साधं नाही. ज्याच्या घराण्यात कुणी एका जागी बसलं नाही, त्याला खुर्ची दिली तर तो वर्षभरात वाळून जाईल.

मग नेटानं सुरू झालं. गोळी चुकली नाही. चहा बिनसाखरेचा. लाडू, जिलेबी, उसाचा रस, सगळ्याकडं पाठ. आणि आखाडात परत तपासलं, तर साखर खाली यायची सोडून वर चढलेली. सुभेदार नुसते बघत राहिले. घरी सुलाबाई मात्र बघत राहणारी नव्हती.

"आवं, खरं सांगा. कुठल्या धाब्यावर गुलाबजाम हाणताय?"

"न्हाई गं."

"मग पेढं?"

"बिरोबाची आण. साखरेचा कण शिवला न्हाई मी."

"चालताय तरी का?"

"चालतो की. गाडीभवती."

"गाडीभवती? ही काय चाल झाली व्हय?"

"मग महामार्गावर कुठं चालू? मागनं येणारा उडवून जाईल."

आप्पासो बिरोबाची खोटी शपथ घेणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि साखर खोटं बोलत नाही, हेही ठाऊक होतं. मग मधे कोण होतं? तिनं पदर खोचला. "उद्या मी बी येणार गाडीत. साताऱ्यापातूर."

सकाळी बेदाण्याच्या पेट्या भरून, ताडपत्री ताणून गाडी निघाली. एवढी वर्षं त्या गाडीचं धुणं धुतलं, पण सुलाबाई पुढं बसून कधी लांब गेली नव्हती. तिनं केबिन निरखून पाहिली. बिरोबाचा फोटो, त्याच्याखाली साबणाची डबी, गोळ्यांची पुडी, खिळ्याला पंचा. सीटखाली बोट फिरवून बघितलं, धूळ नाही. तिच्या स्वतःच्या फडताळाखाली एवढं स्वच्छ नव्हतं, पण ते काय सांगायची गोष्ट नव्हे.

कऱ्हाड मागं टाकलं आणि उंब्रजच्या अलीकडं आप्पासोच्या नेहमीच्या, नाथाजीच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबली. आप्पासो उतरला, लोखंडी टॉमी घेतली आणि गाडीभोवती चालू लागला. एकेका टायरवर टॉमी ठोकायची, आवाज ऐकायचा, पुढं जायचं. एक फेरा झाला, दुसरा झाला, हा थांबेचना. टपरीवरची माणसं जरा अदबीनंच बघत होती. एकानं तर हात जोडले.

नाथाजी चहा घेऊन आला. दबक्या आवाजात म्हणाला, "वैनी, इचारू का? आप्पाचा नवस कोन्च्या देवाचा हाय?"

"नवस?"

"प्रदक्षिणा घालतोय न्हवं रोज. आता कोण आमावश्याला गाडीला हळद-कुकू लावून जातंय. हंबीररावानं बी सुरू केल्यात फेरं. त्याचं गुडघं दुखायचं ऱ्हायलं म्हणं. देव पावणारा हाय, पर आप्पा नाव सांगत न्हाई."

सुलाबाईनं हसू पदरात दाबलं. "नाव घ्यायचं नसतं त्याचं. आन् लय कडक हाय. चपला घालूनच फिरावं लागतं."

"चपला घालून?" नाथाजी विचारात पडला. "असला देव बगितला न्हाई."

फेरे संपवून, हात धुऊन आप्पासो येऊन बसला. चहा बिनसाखरेचा आहे का, ते त्यानं आधी विचारलं. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मूठ भरून तोंडात टाकली. परत घोट, परत मूठ.

सुलाबाईचा कप हातातच राहिला. "ह्ये काय खाताय?"

"बेदाणं."

"ते दिसतंय मला. कवापासनं?"

"कवापासनं म्हंजे? तूच भरतीस न्हवं का डबा. संपला की परत भरतीस."

"दिसातनं किती बारी खाताय?"

"जितक्या बारी च्या, तितक्या बारी. बिनसाखरेचा च्या नुसता जातोय व्हय खाली? आन् डॉक्टरीणबाईच म्हणल्या न्हवं, फळ खावा म्हणून. द्राक्षाचंच हाय की."

आता तासगावच्या बाजूला बेदाण्याला गोड कुणी म्हणत नाही, हे ध्यानात घ्या. दुसरीकडं तो खिरीत मोजून घालतात. इथं पोरांच्या खिशात असतो. बेदाण्याच्या शेडवर कामाला गेलेली बाई पदराच्या गाठीत आणते आणि पाहुण्याच्या हातावर पाण्याच्या आधी ठेवते. सुलाबाईनं हंगामात शेडवर बेदाणा निवडण्यात जन्म घालवला. जाळीवर टाकलेला टपोरा मणी वाळून नखाएवढा होतो आणि त्याची सगळी गोडी त्या एवढ्याशा दाण्यात राहते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण नवऱ्याचा चहा कडू झाला म्हणून तिचा जीव तुटला आणि हात आपोआप डब्यात गेला. मूठभर भरून भागलं नाही, डबा चेपून भरला.

ती उठली. "डबा हिकडं आणा."

"का?"

"धुवायचा हाय."

डब्यातला बेदाणा तिनं नाथाजीच्या ताटलीत ओतला. नाथाजीनं तो कपाळाला लावला. "परसाद का, वैनी?"

"व्हय. पर रगतात साखर असंल त्यानं घ्यायचा न्हाई. देवाचा नेम हाय."

गाडी निघाली. पुढच्या टोलनाक्यापर्यंत ती रिकामा डबा पदरानं पुसत राहिली. मग समोर बघतच म्हणाली, "आवं, तुमची साखर कुठली, घावलं मला."

"कुठली?"

"माझ्याच हातची."

आप्पासोला उलगडायला थोडा रस्ता जावा लागला. उलगडलं तसा तो असा हसला, की त्याला गाडी हळू करावी लागली. "मला वाटलं, बिरोबाच खोटा पडला."

"बिरोबा खरा हाय. मीच खुळी."

"आई असती तर?"

"आत्या असत्या तर मला उंबऱ्याभाईर उभी केली असती."

साताऱ्यात तिनं स्वतःच समीक्षाबाईंना डब्याची हकीकत सांगितली. बाई हसल्या, पण हसून झाल्यावर गोळ्या पुन्हा समजावल्या, पायाला जखम झाली तर लगेच दाखवा म्हणाल्या आणि बजावलं, "फळ म्हणजे ओलं फळ, तेही थोडं." सुभेदार तोंडावर रुमाल धरून खोकले. मग फौजी आवाज काढून म्हणाले, "दसरा म्हणजे दसरा. तारीख हलणार न्हाई."

त्या दिवसापासून डब्यात फुटाणे आले. आप्पासो पहिले चार दिवस कोंबड्यासारखा कुरकुरत होता. "लग्नाच्या बायकूनं फुटाण्यावर आणलं," असं टपऱ्या-टपऱ्यांवर सांगत फिरला. मग सवय लागली. फेरे चालूच होते. आता मागं हंबीररावही फिरायचा आणि दोघांच्या मधे कधी कुणी तिसराही. नाथाजीनं टपरीच्या बाजूची जागा झाडून मोकळी ठेवली.

दसऱ्याच्या आधी तपासणी झाली. सुलाबाई त्या दिवशी घरीच होती. निवडायला घेतलेली ज्वारी तिनं निवडून परत निवडली. दुपारी फोन वाजला. आप्पासोनं बायकोला काही सांगायच्या आधी तिकडून सुभेदारांचाच आवाज आला, "वहिनी, साखर उतरली. पुरती न्हाई, पण उतरलीया. किल्ली त्यांच्यापाशीच राहू दे. तेवढा डबा मात्र तुम्ही तपासत जा." तिनं फोन ठेवला. ज्वारी डब्यात भरली आणि बिरोबापुढं खडीसाखर ठेवायला गेली, मग थांबली, फुटाणे ठेवले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, गाडी माळावर येऊन उभी राहिली. सकाळी गाडीची पूजा व्हायची होती, झेंडूच्या माळा आधीच ओवून ठेवल्या होत्या. आप्पासो उतरला. घराकडं न वळता त्यानं टॉमी घेतली आणि गाडीभोवती टायर ठोकत फिरला. मग सीटमागचे दोन्ही कॅन काढले. प्यायचा आधी घासला, नळाला धरून खळबळला, भरून झाकण लावून सावलीत ठेवला. हात धुतले. तांबड्या चिंधीचा वेगळा घासला. चिंधी सुटायला आली होती, ती दातात धरून नवी गाठ मारली. दारातल्या दगडाजवळ वाफाळत्या पाण्याची बादली होतीच.

"भाकरी झालीया," सुलाबाई आतून म्हणाली. "गार होतीया."

"होऊ दे," आप्पासो म्हणाला. "पळून जात न्हाई." आणि चिंधीचा कॅन निथळायला त्यानं कुडाच्या कडेला उपडा घातला.